राष्ट्रपती भवन : राजप्रासाद ते लोकशाळा

शासकीय इमारतीत सर्वसामान्य नागरिकाचे जाणे होते ते कामानिमित्त. कधी सात-बाराचा उतारा काढावयाचा असतो, कधी दाखला हवा असतो, तर कधी अर्जाचे पुढे काय झाले याची चौकशी करावयाची असते. ज्या इमारतीत आपण उभे आहोत ती कोणी बांधली, कशासाठी बांधली, तिच्या कमानीवरील नक्षीचा अर्थ काय, हे पाहण्यास त्याला सवड नसते आणि ते त्याला सांगणारे तेथे कोणी नसते. शासकीय वास्तू ही कामाची जागा असते तशीच ती इतिहासाची आणि कलेची एक उघडी पोथीही असू शकते, हा विचार आपल्याकडे उशिरा रुजला. तो कसा रुजला आणि अमलात आणताना कोणते प्रश्न उभे राहिले, हे समजून घेण्यासाठी नवी दिल्लीतील राष्ट्रपती भवनाइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. एके काळी भारतीय माणसाने दुरूनच पाहावी अशा हेतूने ही वास्तू उभारली गेली. आज शाळकरी मुले रांगेने तिच्या पायऱ्या चढतात.

वास्तूचा जन्म

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांनी हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा केली. नव्या राजधानीच्या मध्यभागी व्हाइसरॉयचे निवासस्थान असावे असे ठरले आणि रायसीना टेकडीची जागा मुक्रर झाली. आराखड्याचे काम एडविन ल्युटेन्स यांच्याकडे आले, तर टेकडीवरील दोन सचिवालये हर्बर्ट बेकर यांच्याकडे सोपविण्यात आली. मुख्य अभियंता होते ह्यू कीलिंग. मध्यंतरी पहिले महायुद्ध आले, खर्च वाढला आणि काम रेंगाळले. १९१२ मध्ये सुरू झालेली ही उभारणी १९२९ साली, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी पूर्ण झाली. लॉर्ड आयर्विन हे या प्रासादात राहावयास आलेले पहिले व्हाइसरॉय होत.

वास्तूचा पसारा नुसत्या आकड्यांवरूनही ध्यानात येतो. चार मजले, ३४० दालने, सुमारे दोन लक्ष चौरस फूट क्षेत्र. बांधकामासाठी ७० कोटी विटा आणि ३० लक्ष घनफूट दगड लागला. कामावर सुमारे २३,००० मजूर होते आणि त्यांपैकी ३,००० केवळ पाथरवट होते, असे सांगितले जाते. ल्युटेन्स यांचे नाव दिल्लीच्या एका संपूर्ण विभागाला चिकटले आहे. त्या तीन हजार पाथरवटांपैकी एकाचेही नाव सामान्य वाचकाला ठाऊक नाही.

ल्युटेन्स यांचे भारतीय वास्तुकलेविषयीचे मत फारसे अनुकूल नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मात्र नव्या राजधानीच्या वास्तूंना भारतीय वळण हवेच असा आग्रह धरला. या आग्रहातून जे घडले ते मोठे शिकण्यासारखे आहे. भिंतींच्या माथ्यावरून पुढे आलेले पातळ दगडी छज्जे आले. उन्हाळ्यात ते भिंतीवर सावली धरतात आणि पावसाळ्यात पाणी दूर टाकतात. छपरावर छत्र्या आल्या. खिडक्यांना दगडी जाळ्या आल्या, त्यांतून वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहते. मधल्या भव्य घुमटाच्या पायथ्याशी सांचीच्या स्तूपाभोवती असते तशा वेदिकेचा आकार कोरला गेला. भारतीय कारागिरीबद्दल साशंक असलेल्या वास्तुशिल्पकाला हवामानाने आणि त्या कारागिरीने नमते घ्यावयास लावले, असे म्हणता येईल.

दगडी घंटा

भवनाच्या स्तंभांकडे शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधावे. पाश्चात्त्य पद्धतीच्या स्तंभशीर्षांवर बहुधा पाने कोरलेली असतात. येथे त्यांच्या जागी स्तंभशीर्षाच्या कोपऱ्यांवर देवळातल्यासारख्या घंटा लोंबताना दिसतात. त्या दगडी आहेत, हे सांगावयास नकोच. घंटा वाजू लागल्या की राजवटीचा शेवट जवळ आला असे समजावे, अशी एक दंतकथा दिल्लीच्या परिसरात प्रचलित होती म्हणतात. दगडी घंटा वाजणार नाहीत आणि म्हणून साम्राज्यही ढळणार नाही, असा काहीसा गमतीचा संकेत ल्युटेन्स यांनी त्या कोरवून घेताना मनात धरला होता, असे सांगण्याचा प्रघात आहे. घंटा आजही मुक्या आहेत. प्रासादाचे काम पुरे झाल्यापासून अवघ्या अठरा वर्षांत साम्राज्य मात्र संपुष्टात आले.

याच ठिकाणी दंतकथा आणि पुरावा यांतील फरक समजावून देण्याची संधी मिळते. घंटा आहेत हा पुरावा. त्यांमागचा हेतू ही कथा. दोन्ही सांगावे, पण एकाच स्वरात सांगू नये. पर्यटकाला रंजक वाटते म्हणून दंतकथेलाच इतिहासाचे वस्त्र चढविण्याची सवय आपल्याकडील बहुतेक सर्व प्रेक्षणीय स्थळांच्या वाटाड्यांना जडलेली आहे. तिचा विद्यार्थ्यांच्या मनावर होणारा परिणाम पाठ्यपुस्तकाने सहसा पुसला जात नाही.

दुसरी गोष्ट चढाची. विजय चौकात उभे राहून पश्चिमेकडे पाहिले असता राष्ट्रपती भवनाचा बराचसा भाग दृष्टीआड झालेला दिसतो आणि नुसता घुमटाचा माथा डोकावतो. हे काही कोणी योजून केलेले नाही. आधीच्या योजनेत टेकडीच्या माथ्यावर प्रासादच शोभून दिसावयाचा होता. पुढे सचिवालयेही त्याच पातळीवर आणावीत असे ठरले. त्यामुळे प्रासाद मागे सरकला आणि मधल्या रस्त्याला असा चढ आला की जवळ येणाऱ्याला प्रासाद दिसेनासा होतो. करारावर सही करताना ल्युटेन्स यांच्या ध्यानात हे आले नाही. १९१६ च्या सुमारास आले तेव्हा त्यांनी चढ कमी करण्यासाठी बरीच खटपट केली, पण खर्चाच्या कारणावरून ती फळास गेली नाही. बेकर यांच्याशी असलेला त्यांचा जुना स्नेह यापायी तुटला. नेपोलियनचे वॉटर्लू झाले तसे आपले 'बेकर्लू' झाले, अशी कोटी ते करीत. आराखड्यावर सही करण्यापूर्वी जागेवर जाऊन उतार पाहावा, हा धडा बांधकाम खात्यातील कोणत्याही अधिकाऱ्याला येथे विनामूल्य मिळतो.

पायऱ्या चढून गेलेली माणसे

फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या राजधानीचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. त्याच महिन्यात तुरुंगातून नुकतेच सुटलेले महात्मा गांधी लॉर्ड आयर्विन यांच्याशी वाटाघाटी करण्यासाठी या प्रासादात आले. त्यांच्या अंगावर नेहमीचाच पंचा होता. बादशहाच्या प्रतिनिधीशी बरोबरीच्या नात्याने बोलण्यासाठी असा माणूस राजप्रासादाच्या पायऱ्या चढतो, हे दृश्य विन्स्टन चर्चिल यांना असह्य झाले आणि त्यांनी आपला संताप जाहीरपणे व्यक्त केला. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. वास्तू बदलली नव्हती, पण तिचा अर्थ बदलावयास प्रारंभ झाला होता.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी सकाळी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी येथील दरबार हॉलमध्ये झाला. त्या मंत्रिमंडळात कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बांधकाम, खाणी व वीज या खात्यांचे मंत्री काकासाहेब गाडगीळ हे महाराष्ट्रातील दोन थोर पुरुष होते. २६ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी याच दालनात राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि 'गव्हर्नमेंट हाऊस' हे नाव जाऊन 'राष्ट्रपती भवन' हे नाव आले. व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नी यांच्यासाठी जेथे दोन सिंहासने होती, तेथे आज राष्ट्रपतींची एकच आसंदी असते. तिच्या पाठीमागे गुप्तकालीन बुद्धमूर्ती उभी आहे. २५ जुलै २०२४ रोजी या दालनाचे नाव 'गणतंत्र मंडप' असे करण्यात आले.

पहिले भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी १९४८ मध्ये येथे राहावयास आले तेव्हा व्हाइसरॉयच्या शयनमंदिरात राहणे त्यांनी नाकारले आणि लहान खोल्यांचा एक भाग स्वतःसाठी निवडला. पुढील राष्ट्रपतींनीही तोच पायंडा पाळला. देशात अन्नधान्याची टंचाई होती म्हणून राजाजींनी भवनाच्या आवारातील काही जमीन नांगरून तेथे गव्हाचे पीक घेतले. राजाजींच्या कारकिर्दीतील आणखी एक घटना या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, परंतु तिची आठवण फारशी कोणाला राहिलेली नाही.

राष्ट्रीय संग्रहालयाचे माहेर

१९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीत भारतीय कलेचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्यासाठी देशातील निरनिराळ्या संग्रहालयांतून निवडक शिल्पे, चित्रे आणि अन्य वस्तू पाठविण्यात आल्या होत्या. प्रदर्शन संपून त्या परत आल्या तेव्हा मूळ जागी पाठविण्यापूर्वी भारतीय जनतेलाही त्या एकत्र पाहता याव्यात, अशी कल्पना निघाली. जागा कोणती? दिल्लीत त्या वेळी एवढे भव्य, सुरक्षित आणि उंच छताचे दालन दुसरे नव्हते. १९४८ च्या अखेरीस गव्हर्नमेंट हाऊसच्या राजदालनांतच प्रदर्शन मांडण्यात आले. व्हाइसरॉयच्या दरबारासाठी बांधलेल्या दालनात मौर्य, कुषाण आणि गुप्त काळातील शिल्पे येऊन उभी राहिली.

प्रदर्शनाला असा प्रतिसाद लाभला की या संग्रहातूनच कायमचे राष्ट्रीय संग्रहालय निर्माण करावे, असा निर्णय झाला. सर मॉरिस ग्वायर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा संग्रहालयाची रूपरेषा १९४६ मध्येच आखून ठेवली होती. १५ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन याच भवनात झाले. आजच्या जनपथावरील इमारतीची कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १२ मे १९५५ रोजी बसविली आणि १८ डिसेंबर १९६० रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते ती जनतेसाठी खुली झाली. म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ राष्ट्रप्रमुखाचे निवासस्थान आणि राष्ट्राचे कलासंग्रहालय एकाच छताखाली नांदले. जगात असे उदाहरण विरळा.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्या संग्रहालयांनी आपल्या उत्तम वस्तू विश्वासाने पाठविल्या, त्यांपैकी काहींना त्या परत मिळाव्यात असे वाटणे स्वाभाविक होते. राष्ट्राचा ठेवा राजधानीत असावा, की ज्या मातीत तो सापडला तेथे असावा, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. आजही एखाद्या गावी शेत नांगरताना मूर्ती निघाली की ती जिल्ह्याच्या ठिकाणी द्यावी की गावातच ठेवावी, यावर ग्रामसभेत खडाजंगी होते. तो वाद मूलतः हाच.

संग्रहालय हलले तरी काही वस्तू मागे राहिल्या. दरबार हॉलमधील बुद्धमूर्ती त्यांपैकीच एक. प्रवेशस्तंभांच्या मधोमध असलेला रामपुरवा येथील नंदी, म्हणजे अशोककालीन स्तंभावरील वृषभशीर्ष, दुसरे. बिहारातील चंपारण भागात सापडलेल्या या वृषभाच्या अंगावरील झिलई तेवीस शतकांनंतरही टिकून आहे. अशोक मंडपाच्या छतावर मात्र अगदी वेगळे जग दिसते. व्हाइसरॉयच्या काळी ही नृत्यशाळा होती. छताच्या मध्यभागी इराणचा शहा फतह अली आपल्या पुत्रांसह शिकार करीत असल्याचे चित्र आहे. त्याभोवतालची चित्रे १९३० नंतरच्या दशकात लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने कोलोनेल्लो या इटालियन चित्रकाराने भारतीय साहाय्यकांकडून रंगवून घेतली. ल्युटेन्स यांच्या साध्या, संयत रचनेशी ती जुळत नाहीत, असे कलासमीक्षक म्हणतात. ज्याला जे वाटेल ते त्याने मान वर करून ठरवावे.

घोड्यांच्या पागेतील वर्ग

डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या काळापासून भवनाची बाग वर्षातून काही दिवस जनतेला खुली होत आली आहे. दिल्लीकरांचा भवनाशी परिचय होता तो एवढाच. २०२३ पासून ही बाग 'अमृत उद्यान' या नावाने ओळखली जाते. फुले पाहण्यास येणाऱ्या माणसाला वास्तूचा इतिहास कळावा अशी नियमित व्यवस्था मात्र अनेक दशके नव्हती.

राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या कार्यकाळात, २०१२ ते २०१७ या पाच वर्षांत, या बाबतीत ठोस प्रयत्न झाले. २५ जुलै २०१४ रोजी भवनाच्या जुन्या पागेत संग्रहालयाचा पहिला टप्पा उघडण्यात आला. दोन वर्षांनी, २५ जुलै २०१६ रोजी, जुन्या मोटारखान्यात दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले आणि त्या वर्षीच्या गांधी जयंतीपासून तो जनतेसाठी खुला झाला. दालनांच्या मांडणीमागे विज्ञान संग्रहालयांच्या चळवळीतील ज्येष्ठ तज्ज्ञ डॉ. सरोज घोष यांचे मार्गदर्शन होते. संसदेच्या ग्रंथालय इमारतीत २००६ साली उघडलेल्या संसदीय संग्रहालयाची कल्पनाही त्यांचीच. मुख्य भवनाला मार्गदर्शकासह भेट, संग्रहालय आणि उद्यान अशा तीन स्वतंत्र फेऱ्या आखण्यात आल्या. दर शनिवारी होणारा राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचा पहारा-बदल नागरिकांना पाहता येऊ लागला. लेखक आणि चित्रकारांना काही दिवस भवनात वास्तव्यास बोलावण्याचा उपक्रम २०१३ मध्ये जाहीर झाला. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र आणि सहपीडिया या संस्थांच्या साहाय्याने भवनाच्या कला, उद्याने आणि जीवनावर एक ग्रंथमालाही सिद्ध झाली.

४ सप्टेंबर २०१५ रोजी, शिक्षक दिनाच्या आदल्या दिवशी, खुद्द राष्ट्रपतींनी भवनाच्या आवारातील डॉ. राजेंद्रप्रसाद सर्वोदय विद्यालयात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना भारताच्या राजकीय इतिहासाचा पाठ दिला. प्रणव मुखर्जी हे राजकारणात येण्यापूर्वी महाविद्यालयात शिकवीत असत, त्यामुळे फळ्यापुढे उभे राहणे त्यांना नवे नव्हते.

संग्रहालयात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १९११ च्या दरबारातील पंचम जॉर्ज यांचे ६४० किलो वजनाचे चांदीचे आसन तेथे आहे. जुन्या घोडागाड्या आहेत. राष्ट्रपतींच्या बग्गीची कथा तर मुलांना हमखास आवडते. फाळणीच्या वेळी बग्गी भारताला मिळावी की पाकिस्तानला, याचा निकाल नाणेफेकीने लागला, असे सांगतात. ही कथाच, तिचे स्थान घंटांच्या कथेशेजारी. १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपती बग्गीतून गेले, ही मात्र नोंदलेली घटना. १९८४ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाल्यानंतर सुरक्षेच्या कारणास्तव बग्गीचा वापर थांबला. २०१४ मध्ये 'बीटिंग रिट्रीट'च्या समारंभाला ती पुन्हा बाहेर आली आणि जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू या फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांसह तीतून प्रजासत्ताक दिनाच्या संचलनास गेल्या. एका घोडागाडीच्या इतिहासात राजेशाही थाट, फाळणी, हिंसाचार आणि सुरक्षा हे चारही विषय येऊन जातात.

नव्या संग्रहालयात ध्वनी, प्रकाश आणि चलत्-प्रतिमा यांचा सढळ वापर आहे. मुले तेथे रमतात. परंतु पडद्यावरील हलत्या चित्रापुढे गर्दी आणि शेजारच्या मूळ वस्तूपुढे कोणीच नाही, असे चित्र आधुनिक संग्रहालयांत वारंवार दिसते. यंत्राची करमणूक ही वस्तूकडे नेणारी पायरी व्हावी, तिने वस्तूची जागा घेऊ नये. ही दक्षता शेवटी बरोबरच्या शिक्षकालाच घ्यावी लागते.

जे शिलालेखावर नाही

रायसीना टेकडी ओसाड नव्हती. १९११ ते १९१६ या काळात १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली रायसीना आणि मालचा या गावांची जमीन घेण्यात आली. संपादित क्षेत्र सुमारे ४,००० एकर होते आणि सुमारे ३०० कुटुंबे उठविण्यात आली. त्यांपैकी काही आजच्या हरियाणातील सोनिपत भागात जाऊन वसली. पूर्वजांना पूर्ण मोबदला मिळाला नाही, असे म्हणणारे वारसदार शंभर वर्षांनंतरही न्यायालयाचे दरवाजे ठोठावीत राहिले. मालचा हे नाव दिल्लीत उरले आहे ते एका प्रशस्त रस्त्याच्या पाटीवर.

महाराष्ट्रातील वाचकाला ही हकीकत परकी वाटणार नाही. धरणे, रस्ते, औद्योगिक वसाहती यांसाठी जमिनी दिलेली गावे येथे तालुक्या-तालुक्यात आहेत. १८९४ चा तोच कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ लागू राहिला आणि १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा अमलात आल्यावरच तो इतिहासजमा झाला. म्हणूनच राष्ट्रपती भवन पाहावयास नेलेल्या विद्यार्थ्यांना विटांची आणि दालनांची संख्या सांगताना या ३०० कुटुंबांची संख्याही सांगितली पाहिजे. यामुळे वास्तूचा गौरव कमी होईल, अशी भीती काहींना वाटते. ती अनाठायी आहे. जे घर आता जनतेचे म्हणावयाचे, त्याच्या पायाखालच्या जमिनीचा हिशेब जनतेला ठाऊक असावा, यात वावगे काय? पूर्वीच्या राजवटीने तो सांगितला नाही, कारण सांगण्याची तिला गरज वाटली नाही. लोकनियुक्त शासनाला तशी सबब देता येणार नाही.

महाराष्ट्रातील प्रयत्न

मुंबईत मलबार टेकडीवरील राजभवनात ऑगस्ट २०१६ मध्ये एक भुयारी बांधकाम उजेडात आले. अनेक दशके भिंत घालून बंद केलेल्या या जागेत सुमारे १५,००० चौरस फुटांचे क्षेत्र आणि तेरा खोल्या निघाल्या. काही खोल्यांवर तोफगोळ्यांचे आणि काडतुसांचे कोठार असल्याची अक्षरे अजून वाचता येत होती. जागेची डागडुजी करून तेथे संग्रहालय करण्यात आले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे १४ जून २०२२ रोजी तेथेच 'क्रांतिगाथा' हे दालन उघडले. वासुदेव बळवंत फडके, चाफेकर बंधू, सावरकर बंधू, मादाम कामा आदी क्रांतिकारकांची कार्ये त्यात मांडली आहेत. ज्या सत्तेने हा दारूगोळा साठविला तिच्याशी झुंजलेल्यांची चित्रे त्याच भुयारात लागली. राष्ट्रपती भवनाच्या इतिहासाशी याचे साम्य उघड आहे.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा हे दुसरे उदाहरण. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी ब्रिटिश सरकारने हा वाडा बांधला. १९१० मध्ये तो पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजाचे येथेच निधन झाले. काही काळ त्यात तंत्रनिकेतन भरत असे. आता तेथे शासनाच्या पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. सहलीची मुले वाड्याच्या गच्चीतून समुद्र पाहतात, पण आपल्या देशापासून तोडलेला एक राजा याच दिशेला पाहत आयुष्य कंठीत होता, हे त्यांना कोणी सांगितले तरच त्या समुद्राला काही अर्थ येतो.

याहून लहान प्रमाणावरही पुष्कळ करता येईल. कित्येक तालुक्यांत कचेऱ्या जुन्या वाड्यांत किंवा गढ्यांत भरत आल्या आहेत. कित्येक ग्रामपंचायतींच्या आणि जिल्हा परिषद शाळांच्या इमारती गावकऱ्यांनी दिलेल्या जमिनीवर, श्रमदानाने उभ्या राहिल्या. जमीन कोणी दिली, दगड कोणत्या खाणीतून आला, चौकटीवरील काम कोणत्या सुताराचे, याची माहिती असलेली पिढी आता थकली आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील ठराव-पुस्तके, बक्षीसपत्रे आणि फेरफार नोंदी यांच्या आधारे सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून अशा एका इमारतीचा दोन पानी इतिहास लिहून घेता येईल आणि तो दर्शनी भागात लावता येईल. मात्र जुने दप्तर मुलांच्या हाती देण्यापूर्वी ग्रामसेवकाने कागदांच्या प्रती काढून घ्याव्यात. हौसेपोटी मूळ कागद गहाळ झाल्याच्या तक्रारी पुढे निस्तरणे फार जड जाते.

सहल आखताना

दिल्लीची सहल काढणाऱ्या शाळांनी राष्ट्रपती भवनाच्या भेटीची नोंदणी आगाऊ करावी. ऐन वेळी दारात जाऊन प्रवेश मिळत नाही. सोबतच्या प्रत्येक शिक्षकाजवळ शासनाचे ओळखपत्र असावे. संग्रहालय सोमवारी बंद असते, हे ध्यानात ठेवूनच गाडीचे आरक्षण करावे. मार्गदर्शकाच्या वेगाने चालताना ग्रामीण भागातील मुलांची तारांबळ उडते आणि भाषेचीही अडचण येते. त्यासाठी निघण्यापूर्वी शाळेतच एक तास काढून भवनाचा नकाशा फळ्यावर काढावा आणि घुमट, छज्जा, जाळी, स्तंभशीर्ष हे शब्द चित्रांसह समजावून द्यावेत. प्रत्येक मुलाने एकच वस्तू नीट पाहून येण्याचे ठरवावे. कोणी नंदी, कोणी घंटा, कोणी छतावरचा शहा. जमल्यास विजय चौकापासून भवनाच्या दिशेने रस्त्यावरून पायी जावे. घुमट कोठे दिसेनासा होतो आणि कोठे पुन्हा वर येतो, ते मुलांनी स्वतःच आपल्या पावलांनी मोजून पाहावे. दक्षिणेकडे राहणाऱ्या शाळांना हैदराबादचे राष्ट्रपती निलयम अधिक सोयीचे पडेल. तेही मार्च २०२३ पासून जनतेसाठी खुले झाले आहे.